शिट्टी थांबली की थांबायचं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी किसन मास्तरांचं नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शाळेतले मास्तर असतील. ते एसटीचे कंडक्टर होते. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डांबर संपतं तिथं आमची वाडी. भोरची मुक्कामी गाडी संध्याकाळी वाडीत यायची आणि सकाळी परत निघायची. त्या गाडीवर किसन मास्तर बरीच वर्षं होते. मी बारावी झालो तेव्हा वडील म्हणाले, आता बास. मास्तर देवळाच्या ओट्यावर भाकरी खात बसले होते. त्यांच्या कानावर गेलं तसे हात धुऊन आमच्या दारात आले.

"काय वो दादा, पोराला थांबिवताय म्हनं?"

"अजून शिकून काय इमान उडवनार हाय का त्यो?" वडील म्हणाले.

"त्ये मला ठावं न्हाई. माझ्या गाडीत रोज साठसत्तर मानसं बसत्यात. तुमच्या वाडीतलं कॉलेजला जानारं ह्ये एकच बेनं. त्येची शीट म्या रिकामी न्यायची का?"

वडील हसले आणि तिथंच विषय मिटला. पुढची तीन वर्षं मी भोरमध्ये दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहिलो. आईचा डबा रोज सकाळच्या गाडीनं यायचा. फडक्यात बांधलेला तो डबा मास्तर ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला अडकवून आणत आणि स्टँडवरच्या कँटीनच्या टेबलावर ठेवत. एकदा गाडी कापूरहोळला बंद पडली. मास्तरांनी मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत डबा चढवला आणि त्या कंडक्टरला बजावलं, "ह्यो शिकनाऱ्या पोराचा डबा हाय. उघडून बघू नगंस." आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. पदवीच्या कागदावर माझं एकट्याचं नाव आहे, हे मला अजूनही अपुरं वाटतं.

वडलांचं बोलणं निम्मं खरं ठरलं. मी विमान उडवलं नाही. एकतीस वर्षं ढकललं.

हे जरा समजावून सांगतो. विमान जमिनीवर असतं तेव्हा ते एक फार मोठं, फार नाजूक आणि जवळजवळ आंधळं वाहन असतं. पायलटला मागचं काहीच दिसत नाही. त्यामुळं ते मागं घ्यायचं तर पुढच्या चाकाला एक लांब लोखंडी दांडा जोडतात. त्याला टो-बार म्हणतात. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर. हा ट्रॅक्टर विमानाला हळूहळू मागं रेटतो. नाकाजवळ एक माणूस कानाला हेडसेट लावून चालतो. त्याची वायर विमानाला जोडलेली असते, म्हणजे तो पायलटशी बोलू शकतो. दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस चालतो. पंख कशाला घासत नाही ना, मागं कुणी नाही ना, हे पाहणं त्यांचं काम. शिवाय सामान चढवायचं, चाकांना ठोकळे लावायचे, जिना लावायचा, बाहेरून वीज द्यायची. हे सगळं करणाऱ्या माणसांना प्रवासी खिडकीतून पाहतात, पण त्यांचे चेहरे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मी आधी सामान चढवणारा होतो, मग पंखाजवळ चालणारा, मग नाकाजवळचा आणि शेवटची बारा वर्षं त्या सगळ्यांचा सुपरवायझर.

हे काम एकटेपणाचं आहे. कामावर दहा माणसं असतात, पण प्रत्येकाच्या कानावर आवाज अडवणारी जाड टोपणं. आठ तास आम्ही एकमेकांशी हातांनी बोलायचो. घरी गेलो की बायको म्हणायची, "अहो, तोंडानं सांगा की. हात काय हलवताय?" नंतर लहान लहान गावांत विमानतळ निघाले, कंपनीनं मला तिकडं पाठवलं आणि ती मुलाच्या शिक्षणासाठी पुण्यातच राहिली. मग हात हलवलेले पाहायलाही कुणी उरलं नाही.

मोठ्या विमानतळावर प्रत्येक वस्तू दोन-दोन असते. लहान ठिकाणी दिवसाला दोन विमानं. तिथं सामान एकेकच, आणि तेही मोठ्या ठिकाणचं जुनं झालेलं. ते बिघडलं की नवीन येईपर्यंत चालवून घ्यायचं. 'चालवून घेऊ' हे दोन शब्द मी नोकरीत जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल.

टो-बारमध्ये एक खीळ असते. ती मुद्दाम कच्च्या धातूची करतात. ट्रॅक्टरनं जास्त जोर लावला किंवा चाक जास्त वळलं तर ती आधी मोडते आणि विमानाचं नाक वाचतं. एका ठिकाणी मी नव्यानं हजर झालो तेव्हा तिथला ट्रॅक्टरचालक नामदेव मला अभिमानानं म्हणाला, "साहेब, आधी ही खीळ महिन्याला तुटायची. मी गावातल्या लेथवाल्याकडून पोलादाची करून आणली. दोन वर्षं झाली, हाललेली नाही."

मी ती खीळ हातात घेऊन पाहिली. काम फार सुबक होतं. मी म्हटलं, "नामदेव, हिचं कामच मोडायचं आहे. ही मोडली नाही तर काय मोडेल?"

त्यानं थोडा विचार केला. "विमान?"

"हां."

"आयला," तो म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही. माणूस आळशी किंवा बेफिकीर नव्हता. त्याच्याकडं खीळ नव्हती म्हणून त्यानं स्वतःच्या अकलेनं खीळ केली. सामान नसतं तिथले बहुतेक घोटाळे असे कष्टाळू माणसांच्याच हातून होतात.

त्याच ठिकाणचा आणखी एक प्रसंग. गाव मुद्दाम सांगत नाही. मोठ्या शहरावर धुकं होतं म्हणून एक मोठं विमान आमच्याकडं उतरवलं. आमचा जिना पंख्याच्या लहान विमानाचा. या विमानाचं दार त्याच्या दुप्पट उंचीवर. म्हणजे विमान उतरलं, पण माणसं उतरू शकत नव्हती. धुकं निवळलं की विमान परत जाणार होतं, त्यामुळं तसं अडलेलं काही नव्हतं. पण आत एक वजनदार पाहुणे होते आणि त्यांची सभा नेमकी आमच्याच जिल्ह्यात होती. त्यांच्या माणसांनी तासाभरात टेम्पोतून एक जिना आणला. मांडववाल्याचा. लग्नात नवरा-नवरी ज्यावरून स्टेजवर चढतात तो. खाली चार पिंपं लावून तो उंच करायचा बेत होता. वर लाल गालिचासुद्धा होता.

"साहेब दोन मिनिटांत उतरतील," त्यांचा एक माणूस म्हणाला. "ह्या जिन्यावर एका वेळी पन्नास पाहुणे उभे राहतात फोटोला."

"ते पिंपांवर उभे राहत नाहीत," मी म्हणालो.

"तुम्ही कुठले?"

"वेल्ह्याचा."

"मग तुम्हाला उंचीची सवय पाहिजे की. तुमच्याकडं नुसते किल्लेच."

"किल्ल्याचा कडा हलत नाही. विमान हलतं. माणसं उतरायला लागली की ते वर येतं आणि जिना खाली राहतो."

त्यांनी माझं नाव लिहून घेतलं, बदलीची धमकी दिली. मी जिन्यासमोर उभा राहिलो. बाकी सगळे सावलीला गेले होते. दोन तास मी एकटा उन्हात उभा होतो. शेवटी विमान पाहुण्यांना घेऊनच परत गेलं. माझं काही झालं नाही. उलट पुढं वर्षभर ही गोष्ट लोक चवीनं सांगत, आणि मीही सांगत असे. दिवाळी अंकात अनुभव लिहा असं संपादकांनी म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हाच जिना होता.

पण मोठ्या माणसाला मोठ्या चुकीसाठी नाही म्हणणं त्या मानानं सोपं असतं. सगळे बघत असतात. रोजच्या बारीक गोष्टीला नाही म्हणायचं तर कुणी बघत नसतं. तिथं मी कमी पडलो. मला खरं लिहायचं आहे ते त्याबद्दल. एका माणसाच्या नावापुढं माझ्या सहीनं 'निष्काळजी' असा शब्द लागला आहे. तो पुसला जावा म्हणून हा लेख.

त्या माणसाला मी इथं सदा म्हणतो. नामदेवच्याच विमानतळावरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. पंखाजवळ चालण्यात त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. बाकीचे विमानाकडं बघत चालत, सदा विमानाच्या सावलीकडं बघायचा. म्हणायचा, "साहेब, पंख वर असतो, फसवतो. सावली कुठं टेकतेय ते बघावं." डबा खाताना तो आणि मी एकाच बाकावर बसायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही. लोणच्याची फोड तेवढी इकडून तिकडं जायची. त्या गावात माझी म्हणावी अशी ओळख तेवढीच.

त्या दिवसांत आमचा हेडसेट बिघडला होता. तीन आठवडे मी मेल पाठवत होतो आणि 'लवकरच मिळेल' असं उत्तर येत होतं. मग मी पायलटशीही हातांनीच बोलायचो. पंखांशी दोन माणसं हवीत, त्यातलं एक पद रिकामं होतं. म्हणून मीच एक रीत पाडली. सदानं आधी डाव्या पंखाशी चालायचं. डावीकडं इंधनाची गाडी आणि कुंपण, तिकडं धोका जास्त. ती बाजू पार झाली की विमानाच्या पोटाखालून, मोठ्या चाकांच्या मागून पलीकडं जायचं आणि उजवा पंख बघायचा. इंजिनं तेव्हा बंदच असायची. विमान माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकतं. नाकाजवळून मला सदा डावीकडं दिसायचा, मग चार-पाच श्वास दिसेनासा व्हायचा, मग उजवीकडून अंगठा वर करत निघायचा. पहिल्या दिवशी तो निघेपर्यंत मी उजव्या बाजूवरून नजर काढली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच वेळात घड्याळ बघायला लागलो.

दुपारची वेळ होती. नामदेव ट्रॅक्टरवर, मी नाकाशी. सदानं डावीकडून अंगठा दाखवला, वाकला आणि पोटाखाली गेला. मी नामदेवला हातानं 'चालू दे' केलं. चार श्वास, पाच. उजवीकडं कुणी आलं नाही. मला वाटलं, आज जरा हळू आहे. सहा, सात. सदा नाही. मग मी दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. ट्रॅक्टर थांबला. कानावरचं टोपण काढलं तेव्हा मला ओरडणं ऐकू आलं. ते किती वेळ चाललं होतं मला माहीत नाही.

तेलाच्या डागावरून त्याचा पाय घसरला होता. मागं सरकणारं चाक त्याच्या पावलावर आलं होतं. तो ओरडत होता आणि आम्ही सगळे कानांवर टोपणं लावून उभे होतो. प्रवासी आत विमानाला उशीर का होतोय म्हणून विचारत होते.

जीव वाचला. डावं पाऊल पुढून अर्धं काढावं लागलं. इस्पितळात मी गेलो तेव्हा त्याची बायको बाहेर गेली आणि आम्ही दोघंच उरलो. तो छताकडं बघत होता. म्हणाला, "साहेब, मी दिसलो नाही तरी थांबवलं नाही?"

तक्रार नव्हती. खरंच विचारत होता. मी मोसंबी सोलायला घेतली.

चौकशीचा कागद मीच लिहिला, कारण सुपरवायझर मी. मॅनेजर माझ्या शेजारी बसले. वाईट माणूस नव्हते. त्यांचंही पोट त्या दोन विमानांवर होतं. म्हणाले, "हेडसेट तीन आठवडे नव्हता, माणूस एक कमी होता, असं तुम्ही लिहिलंत तर उद्या इथलं काम बंद. वीस घरं आहेत. आणि नियमात लिहिलंच आहे की फिरत्या चाकाजवळ जायचं नाही. सदा गेला की नाही?"

"गेला."

"मग तेवढंच लिहा. खोटं काहीच नाही."

मी तेवढंच लिहिलं. 'कर्मचारी निष्काळजीपणे चालत्या चाकाजवळ गेला.' खाली सही केली. पोटाखालून जायला त्याला मीच सांगितलं होतं, हे लिहिलं नाही. त्या वाक्यामुळं सदाचा विमानतळाचा पास पुन्हा निघाला नाही. पास नाही म्हणजे फाटकाच्या आत पाऊल नाही. बसून करायचं काम त्याला देता आलं असतं, तेही पासावाचून अडलं. तो आपल्या गावी निघून गेला. बाकावर मी एकटा डबा खायला लागलो. हेडसेट अपघातानंतर चौथ्याच दिवशी आला होता. दोन.

आता पुन्हा किसन मास्तरांकडं येतो.

आमच्या वाडीत गाडी वळवायची जागा म्हणजे ओढ्याच्या कडेचा एक उतार. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल घळ. पावसाळ्यात तिथं असं धुकं की ड्रायव्हरला आरशात काही दिसायचं नाही. इतर कंडक्टर गाडी मागं घेताना गप्प उभे राहत आणि थांबवायची तेव्हा शिट्टी मारत. किसन मास्तरांचं उलटं. ते गाडी मागं येत असेपर्यंत सारखी शिट्टी वाजवत राहत. शिट्टी बंद झाली की ड्रायव्हरनं जागच्या जागी ब्रेक मारायचा. एकदा एक नवा ड्रायव्हर वैतागला. मी पायरीवर उभा होतो, सगळं ऐकलं.

"मास्तर, गाल फुटतील की तुमचं. थांबायच्या टायमाला एक मारा, म्या थांबतो."

"आन् म्या घसरून घळीत पडलो तर?" मास्तर म्हणाले. "'थांब' म्हनून शिट्टी कोन मारनार? तुझा बा?"

ड्रायव्हरनं खिडकीतून घळीकडं बघितलं.

"वाजतीया तवर ये. थांबली की थांब. मंग म्या पडूंदे, मरूंदे, न्हाईतर शिट्टीत थुकी अडकूंदे. गाडी हुबी ऱ्हायली पायजे."

मी नोकरीला लागलो तेव्हा मास्तरांकडं आठवण म्हणून ती शिट्टी मागितली होती. ते म्हणाले, "शिट्टी डेपोची हाय. तू नियम ने." विमानतळावर शिट्टी ऐकूच येत नाही, त्यामुळं नियमही तिथला नाही असं मी धरून चाललो. मी पदवीधर, इंग्रजीतल्या जाड पुस्तकातून परीक्षा दिलेला. खरं तर त्या पुस्तकातही होतं, की माणूस दिसेनासा झाला तर विमान थांबवा. मी ते पाठ केलं होतं. पण ते कशासाठी ते मला त्या उतारावर, शाळेत असतानाच कळलं होतं, आणि वर्षानुवर्षं कामी न आल्यानं मी ते एसटीतच ठेवून आलो.

सदा गेल्यावर मी आमच्याकडं एवढं केलं. पंखाजवळच्या माणसानं हातातला झेंडा हलवत राहायचं. हलतोय तोवर विमान हलेल. झेंडा थांबला किंवा दिसेना, की ट्रॅक्टर थांबेल. दोन माणसं नसतील तर विमान हलणार नाही. पहिल्या महिन्यात नामदेवचे सहकारी हसले, "साहेब, हात दुखतात." नंतर एके दिवशी कुंपणापाशी एका माणसाला उलटी आली, त्यानं झेंडा टाकला आणि विमान जागीच थांबलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. माणूस कमी म्हणून मी दोनदा विमान अडवून धरलं, वरून बोलणी खाल्ली. त्याचा मला आनंद झाला नाही. ते करायला मला एका माणसाचं पाऊल लागलं होतं.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. बायको त्याच्या दोन वर्षं आधीच वारली. मुलगा परदेशी. पुण्यातलं घर मोठं वाटायला लागलं म्हणून भोरला एक लहान जागा घेतली. वाडीत आता आमचं कुणी नाही. सकाळी स्टँडवर चहाला जातो. वेल्ह्याची गाडी लागलेली बघतो, आणि घरी येतो. घर इतकं शांत असतं की कधी कधी कानावर हात नेऊन बघतो, टोपण काढायचं राहिलं की काय.

किसन मास्तर आंबवड्याजवळ मुलाकडं असतात असं कळलं. मी गेलो. वय ऐंशीच्या वर, डोळे बरे, पण कान पार गेलेले. भिंग घेऊन पेपर वाचत बसले होते. मला ओळखलं.

"डबा!" म्हणाले. माझं नाव आठवायच्या आधी त्यांना डबा आठवला.

सूनबाईंनी चहा आणला. शेजारची दोन माणसं 'विमानातले पाव्हणे' आले म्हणून ओसरीवर येऊन टेकली. मास्तरांना काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागत होतं.

"इमान रिवरस घ्यायला मागं कोन असतं रं?"

"दोन माणसं असतात," मी ओरडलो.

"शिट्टी?"

"झेंडा."

"बंद झाला की?"

"थांबायचं."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली आणि सुनेकडं बघितलं. "बग. म्या सांगत व्हतो न्हवं? इमानाला बी माझाच नियम." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कदी चुकलं न्हाई ना रं तुझ्याकडनं?"

मी त्या माणसाला खरं सांगायलाच गेलो होतो. पण ओसरीवर चार माणसं बघत होती आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती गोष्ट माझ्या तोंडून निघेना. कबुली ओरडून देता येत नाही. मी मान हलवली. नाही, चुकलं नाही.

ते इतके खूश झाले की मला तिथं बसवेना. भोरपर्यंत येताना गाडीत कुणीही बोललं असतं तर बरं वाटलं असतं. घरी येऊन महिन्याभरात दोन कागद लिहिले. पहिला कंपनीला आणि विमानतळाला: माझा तेव्हाचा अहवाल अपुरा होता, चूक माझी होती, 'निष्काळजी' हा शब्द काढावा. त्याची प्रत सदाला. दुसरं हे खालचं पत्र, मास्तरांना टाकलेलं. मास्तरांसमोर मी चारचौघांत खोटं बोललो, म्हणून ते चारचौघांसमोर ठेवतो.

*

भोर

तीर्थरूप किसन मास्तर यांस बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मोठ्या अक्षरात लिहितो आहे, म्हणजे तुम्हाला भिंग लागणार नाही. सूनबाईंना वाचायला देऊ नका. आधी तुम्ही वाचा, मग वाटलं तर द्या.

त्या दिवशी ओसरीवर तुम्ही विचारलंत, कधी चुकलं नाही ना. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. माझा एक जोडीदार होता. विमान मागं घेताना माणूस कमी होता, म्हणून मी त्याला पोटाखालून पलीकडं जायला लावलं. तो दिसेनासा झाला. तुमच्या हिशेबानं शिट्टी बंद झाली होती. मी गाडी थांबवली नाही. तो येईलच असं म्हणून आणखी येऊ दिली. त्याचं अर्धं पाऊल गेलं. वर मी कागदावर लिहून दिलं की चूक त्याचीच.

तुम्ही म्हणाला होतात, शिट्टी डेपोची आहे, तू नियम ने. मी तो नेला नव्हता, मास्तर. माणूस पडल्यावर परत येऊन घेऊन गेलो.

आता खरं काय ते लिहून कंपनीला पाठवलं आहे. त्यांचं उत्तर नाही. त्या जोडीदारालाही प्रत पाठवली, भेटायला येऊ का म्हणून विचारलं. त्याचंही उत्तर नाही. त्याच्या गावाला जाणारी गाडी भोरवरून सुटत नाही, स्वारगेटला जावं लागतं. दोनदा कपडे करून दारापर्यंत आलो आणि परत बसलो. तो गप्प आहे, तेव्हा मला पुढं जायचा अधिकार नाही.

वडलांसमोर तुम्ही माझ्या शिटेची गोष्ट काढली नसती तर मी हे पत्र लिहिण्याइतकाही शिकलो नसतो. आईचा डबा तुम्ही तीन वर्षांत एकदाही चुकवला नाहीत. मला एक माणूस सांभाळायचा होता, तो सांभाळता आला नाही. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय तुमच्या ओसरीवरचा चहा मला पचणार नाही.

येत्या रविवारी यावं असं मनात आहे. तुम्हाला चालणार असेल तर सूनबाईंना सांगून एक फोन करवा. नुसती रिंग दिली तरी पुरे. फोन आला नाही तर मी जागचा हलणार नाही आणि तुम्हाला बोलही लावणार नाही. नियम तुमचाच आहे.

आपला,
बाळू
(डबेवाला)